हंसकांतीच्या डबीत काय आहे

अणदूर, तालुका तुळजापूर
१२ सप्टेंबर १९४३

तीर्थस्वरूप चन्नबसप्पा मामांस, शांतम्माचे शरणु.

सोबत नळदुर्गच्या टपालातून चार छोट्या बाटल्या पाठवत आहे. दर बाटलीवर कागद चिकटवून आकडा घातला आहे. दवाखान्याच्या औषधखोलीत तुम्ही दिवसभर हेच करता, म्हणून विचारते. यांत काय काय आहे आणि ते कातडीला काय करतं, एवढं मला सांगा.

एक आकड्याचा स्नो. ह्यांनी सोलापूरहून आणला. हद्दीवरच्या करोडगिरी नाक्यावर जकात घेणाऱ्या शिपायानं बरणीत बोट घालून वास घेतला, आपल्या मिशीला लावला आणि मग सोडलं. दोन आकड्याचं कोल्ड क्रीम, नळदुर्गच्या मास्तरीणबाईंनी दिलेलं. तीन आकड्याचं आमच्या सासूबाईंचं, लक्ष्मम्मा आत्याबाईंचं टाचांचं मलम. ते त्या स्वतः राळ, मेण आणि तिळाचं तेल घालून चुलीवर करतात. चौथी हंसकांती. ती चपट्या पत्र्याच्या डबीत येते. डबीवर लिहिलंय, 'वांग, डाग, काळेपणा आठ दिवसांत नाहीसा.' आत काय आहे ते लिहिलेलं नाही, फक्त 'हिमालयातील गुप्त द्रव्ये.'

शेजारच्या बायका मला विचारतात. गावातल्या बायकांत वाचता येणारी मीच, तेव्हा मलाच सगळं ठाऊक असणार असं त्यांना वाटतं. तुम्ही अक्षर शिकवलंत, आता त्याची भरपाई करा.

आत्याबाई म्हणाल्या, 'तुझ्या मामाला लिही, भाषणं कमी कर आन् एकदा जेवायला ये.' त्यांच्या शब्दांत लिहिलं आहे.

शांतम्मा

---

हैदराबाद
३ ऑक्टोबर १९४३

चि. शांतम्मा हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या चार बाटल्यांनी माझे तीन रविवार खाल्ले आणि मी त्यांचा ऋणी आहे. कोतवालीनं परवानगी दिली त्या प्रत्येक वाचनालयात उभा राहून मी गर्जत आलो की माणसानं जग वाचावं. परवा कळलं की बोटभर क्रीमसुद्धा मी कधी वाचलं नव्हतं.

पहिला स्नो घे. यात बहुतेक पाणीच आहे. उरलेल्यात चरबीपासून काढलेलं एक मेणासारखं आम्ल, थोडा पोटॅशचा खार आणि ग्लिसरीन. खार थोड्या आम्लाचा साबण करतो आणि तो साबण बाकीच्या आम्लाला पाण्यात पसरवून धरतो. तोंडावर चोळलं की पाणी उडून जातं आणि आम्लाचा इतका पातळ पापुद्रा मागं राहतो की तो डोळ्याला दिसत नाही. लोकांना वाटतं क्रीम आत मुरलं. मुरत काहीच नाही. ग्लिसरीन तेवढं ओलावा धरून ठेवतं. बिचारा निरुपद्रवी माल आहे.

दुसऱ्यात मधमाशीचं मेण, बदामाचं तेल, गुलाबपाणी आणि चिमूटभर टाकणखार. तेल आणि पाणी एका घरात नांदत नाहीत. टाकणखार मेणाशी मिळून त्यांची दिलजमाई करतो. अंगावर आल्यावर पाणी सुटतं, उडतं आणि जाताना कातडीची ऊब घेऊन जातं, म्हणून गार वाटतं.

आणि तिसरं! ते तपासून मी स्टुलावरून उठून उभा राहिलो. लक्ष्मम्माबाईंच्या मलमातलं मेण तेच आहे आणि काम करणारं तेलही त्याच जातीचं. पाणी नाही, त्याच्या जागी राळ आहे. मेण आतला ओलावा बाहेर जाऊ देत नाही, राळ भेगेची दोन तोंडं धरून ठेवते. विलायतेच्या कारखान्यानं जे गुपित म्हणून विकलं, ते अंगठा उठवणाऱ्या बाईच्या कढईत आधीपासून शिजत होतं.

आता चौथी. तुझी हंसकांती थोडी आम्लात उकळली आणि तिच्यात तांब्याची घासलेली पट्टी सोडली. शांतम्मा, पाहता पाहता ते तांबं रुप्यासारखं पांढरं झालं! ती पट्टी काचेच्या बारीक नळीत घालून तापवली. नळीच्या थंड टोकाला धुकं आलं. भिंग लावून पाहिलं तर त्या धुक्यात शेकडो गोल, चमकते थेंब होते, एकेका थेंबात खिडकीसकट सगळी खोली. पारा! धातू असून वाहणारा, लोखंडाला आपल्या पाठीवर तरंगवणारा, सोन्याला गिळून पांढरं करणारा. आपल्या जुन्या रसवैद्यांनी त्याला शिवाचं तेज म्हटलं, ते का म्हटलं असेल हे मला त्या क्षणी समजलं. इतका वेळ मी काही न बोलता कधी बसलो नव्हतो.

तुझ्या शेजारणींना सांग, हे फार दिवस लावू नये. पारा अंगाला बाधतो.

जावईबापू मल्लिनाथरावांना नमस्कार.

चन्नबसप्पा

---

अणदूर
२४ ऑक्टोबर १९४३

तीर्थस्वरूप मामांस, शरणु.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि घरात धुमाकूळ झाला.

'चरबी' म्हटल्याबरोबर त्यांनी जातं थांबवलं. 'कशाची चरबी? इच्चार तुझ्या मामाला, कशाची?' मी म्हटलं, ते लिहिलेलं नाही. 'मंग ती जनावराचीच! लिंगवंताच्या घरात, देवाच्या भिंतीला लागून!' स्नोची बरणी चिमट्यानं धरून उकिरड्यावर गेली. फळी तीनदा धुतली. ह्यांनी ते तोंडाला लावलं होतं, म्हणून ह्यांना न्हाणीत घालून वर विभूतीचं पाणी शिंपडलं. हे म्हणाले, 'तुझ्या माहेरच्या माणसाला विचारायला कुणी सांगितलं होतं?'

मलमाचं ऐकून मात्र त्या आठ दिवस अभिमानानं फुगून होत्या. येईल जाईल त्याला सांगतात, 'इलायतेनं माझं मलम चोरलं. हैदराबादेत तपासलंय.'

आणि पारा. त्या जागेवर त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. मग हात जोडले. म्हणाल्या, 'शिवाचं तेज व्हय ग? आन् आपण ती डबी आरशाखाली ठिवली!' आता हंसकांती देवाच्या कोनाड्यात, देवळीत असते. पूजेच्या आधी त्या थोडी तळहातावर घेतात, विभूतीत कालवतात आणि कपाळाला, दंडांना, छातीला, जिथं जिथं विभूती लावायची तिथं तिथं लावतात. शेवटची ओळ मी वाचली, की हे बाधतं. त्या म्हणाल्या, 'ज्याला भाव न्हाय त्याला बाधत आसंल.'

मामा, तुम्ही निरुपद्रवी म्हटलेलं उकिरड्यावर गेलं आणि बाधणारं देवळीत बसलं. हसावं की काय करावं ते मला कळत नाही.

शांतम्मा

---

हैदराबाद
२ नोव्हेंबर १९४३

चि. शांतम्मा हिस आशीर्वाद.

हसू नकोस. हे पत्र मी उभ्यानं लिहीत आहे, बसवत नाही.

ऐक. कातडी ही भिंत नाही, दार आहे. मेण, तेल, पाणी उंबऱ्यावर थांबतात. पारा आत जातो. आत गेला की तो कोणाचं तेज राहत नाही, विष होतो. आरशांना पाऱ्याचा मुलामा देणारे कारागीर होते, त्यांच्या हिरड्या सुजत, दात हलत, बोटांना कंप सुटे. शेवटी घास तोंडापर्यंत नेता येत नसे. कातडी गोरी होते ती खरीच, कारण कातडीत रंग तयार करणारं कामच तो बंद पाडतो. रंग करणारे हात मेले, आणि आपण म्हणतो उजळली!

गरोदर बाईच्या बाबतीत तो तिच्यावर थांबत नाही, पोटातल्या जिवापर्यंत पोचतो.

श्रद्धेच्या नावाखाली असला अडाणीपणा मी सहन करणार नाही. लक्ष्मम्माबाईंना हे शब्दन् शब्द वाचून दाखव. डबी फेकायला सांग. आणि खरं सांग, ही डबी घरात मुळात कुणासाठी आली? 'शेजारच्या बायका' हे उत्तर मला पटत नाही. शेजारणीची डबी तुमच्या देवळीत कशी बसेल?

लगेच उत्तर लिही.

चन्नबसप्पा

---

अणदूर
२ जानेवारी १९४४

तीर्थस्वरूप मामांस, शरणु.

दोन महिने मी लिहिलं नाही. तुमची दोन कार्डं मिळाली. रागवा, पण हे शेवटपर्यंत वाचा.

तुमचं पत्र मी वाचून दाखवलं. 'अडाणीपणा' गाळला. 'विष' गाळलं नाही. आत्याबाई म्हणाल्या, 'इख कुणी पचिवलं? कुणाचा गळा निळा झाला? तुझ्या मामानं आपल्या तोंडानं वळख सांगितली की.' मामा, तुम्ही जो शब्द वापरता तो त्यांच्याकडे गेला की शिवाचाच होतो.

डबी माझ्यासाठी आली होती. मला सहावा महिना चालू आहे. मागच्या खेपेला तिसऱ्यात गेलं, म्हणून आत्याबाईंनी सांगितलं होतं की सात पुरे होईपर्यंत माहेरच्या माणसालाही कळवायचं नाही. श्रावणात माझ्या दोन्ही गालांवर वांग आलं. आरशात मी मलाच ओळखेना. आत्याबाईंनी ह्यांना सोलापूरला पाठवलं आणि रोज तिन्हीसांजेला त्या आपल्या हातानं मला ती लावू लागल्या. तुमचं तेज-पत्र आल्यापासून पोटालाही. आई असती तर तिनं जसं केलं असतं तसंच करतात, हळूहळू, काहीबाही गुणगुणत. तुमचं दुसरं पत्र आल्यापासून मी परसात जाऊन बेसनानं आणि तेलानं सगळं पुसून काढते. एकदाही चुकले नाही. पण त्याआधीचे दिवस मोजले तर दोन महिन्यांच्या वर भरतात. बाळ हलतं. रोज हलतं का ते मी पाहते.

आता ज्यासाठी लिहीत आहे ते.

मार्गशीर्षातल्या तिसऱ्या सोमवारी आत्याबाई पूजेला बसल्या. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, बेलाचं पान वाहिलं आणि त्याच्याकडे पाहत बसल्या. मी फुलं निवडत होते. बेलाचं पान हलू लागलं. वारा नव्हता. मग पान सरकून खाली पडलं आणि मी पाहिलं, लिंग हलत होतं. मामा, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. बारीक थरथर, चिमणी हातात धरल्यावर जशी लागते तशी. आत्याबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. म्हणाल्या, 'चाळीस वरसं म्या ह्याच्याकडं बघत बसले ग. आज ह्यानं माझ्याकडं बघितलं.'

माझे हात आपोआप जोडले गेले.

आता दर सोमवारी बायका येतात. पडवी पुरत नाही. गावच्या खंडोबाची मूर्ती रिवाजाप्रमाणे दोन महिने नळदुर्गला गेलीय, तेव्हा गावाला देव पाहिजेच होता, असं हे म्हणतात. पण तेही कोपऱ्यात उभं राहून पाहतात. शेजारची हरणाबाई वाशीला दिलेल्या तिच्या लेकीला घेऊन आली. लोक आत्याबाईंच्या पाया पडतात. सासरे मामंजी गेल्यापासून त्या कुणाच्या कार्यात पुढं बसल्या नव्हत्या, आता त्यांना पाटावर बसवतात.

तुम्ही कारागिरांच्या बोटांचं लिहिलं होतं. ते मला आठवतं. आठवलं की मीच ते मागं सारते. आत्याबाईंचं तोंड पाहिलं असतं तर तुम्हीही सारलं असतं. संक्रांतीनंतरच्या सोमवारपासून त्या माझ्या पोटावर लिंग टेकवून मग लेप चोळणार आहेत, कारण देव जागा झालाय. मग पुसायला मला परसात जाता येणार नाही, सगळ्या बायका समोर असतील.

तुम्ही पुष्कळ वाचलंय. मला सांगा, लिंग हलतं हे काय आहे?

शांतम्मा

---

हैदराबाद
७ जानेवारी १९४४

सौजन्यमूर्ती लक्ष्मम्माताईंस, चन्नबसप्पाचे शरणु शरणार्थ.

शांतम्मा, हे पत्र ताईंसाठी आहे. एकांतात वाच आणि यातला एकही शब्द गाळू नकोस.

ताई, मी बोलण्यावर जगणारा माणूस. टाळ्या ऐकायची मला सवय आहे. ऑक्टोबरात मी तुमच्या सुनेला पत्र लिहिलं, त्यात पाऱ्याच्या थेंबाचं वर्णन करताना मला माझ्याच शब्दांची झिंग चढली. तेज म्हटलं, शिव म्हटलं, आणि जी गोष्ट आधी सांगायची ती शेवटी एका ओळीत उरकली. तुम्ही माझ्या मोठ्या शब्दांवर विश्वास ठेवलात. दोष माझा आहे. दुसऱ्या पत्रात मी तुम्हाला अडाणी म्हटलं होतं. शांतम्मानं ते वाचलं नाही, म्हणून इथं पुन्हा लिहितो आणि त्याची क्षमा मागतो.

माझ्याही गळ्यात लिंग आहे. माझ्या आईनं ते माझ्या हातावर ठेवून पाहायला शिकवलं तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. तुमचं लिंग हललं हे ऐकून मी हसलो नाही. मला भीती वाटली, कारण पारा अंगात गेलेल्या माणसाचे हात असेच कापतात. मला वाटतं, देव नव्हे, हात हलतोय. पण मी इथं दीडशे मैलांवर बसून हे कसं ठरवू? ठरवणं तुमच्या हातात आहे, आणि खरोखर हातातच आहे.

देवाची परीक्षा घ्या असं मी म्हणणार नाही. हाताची घ्या. लिंग डबीत ठेवा आणि त्याच तळहातावर पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी घ्या. पाणी निवांत राहिलं, तर मी अणदूरला येऊन भर चौकात तुमच्या पायांवर डोकं ठेवीन आणि जन्मात पुन्हा भाषण करणार नाही. पाणी सांडलं, तर जे तुमच्या हातात शिरलं आहे तेच तुम्ही प्रेमानं सुनेच्या पोटावर चोळत आहात, हे तुम्हाला कुणी समजावून सांगायला नको.

शांतम्माला आई नाही. तिला तुम्ही आहात. म्हणून हे तुम्हाला लिहिलं, मल्लिनाथरावांना नाही.

तुमचा भाऊ समजा,
चन्नबसप्पा

---

अणदूर
१९ जानेवारी १९४४

तीर्थस्वरूप मामांस, शरणु.

पत्र रविवारी सकाळी मिळालं. परसात निंबाखाली वाचून दाखवलं. एक शब्दही गाळला नाही. आत्याबाईंनी माझ्या हातातून कागद घेतला, उलटसुलट पाहिला आणि घडी करून कमरेला खोचला. दिवसभर जात्यावर बसल्या. त्या दिवशी तिन्हीसांजेला मला लेप लावायला आल्या नाहीत.

सोमवारी बायका आल्या. चाळीसएक तरी असतील. मला वाटलं, एकांतात त्यांनी वाटी घेऊन पाहिलीच नसेल. कारण त्या पाटावर बसल्या, पूजा केली आणि लिंग नेहमीसारखं थरथरलं. बायकांनी 'हर हर' केलं. मग त्यांनी लिंग पुसून डबीत ठेवलं, डबी गळ्यात घातली आणि मला म्हणाल्या, 'शांते, वाटी भरून आण. काठोकाठ.'

मी वाटी त्यांच्या तळहातावर ठेवली. पाणी आधी नुसतं शहारलं, मग काठावरून एकीकडे सांडलं, मग दुसरीकडे. मनगटावरून ओघळून पाटावर आलं.

हरणाबाई ओरडली, 'यव्वा! पान्यात बी देव आला!' आणि सगळ्या बायका पुन्हा हात जोडून वाकल्या.

मामा, तो क्षण मी विसरणार नाही. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं. गावानं त्यांचा देव राखला होता, त्यांना काही करावं लागणार नव्हतं. त्या हरणाबाईकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, 'हरणे, इकडं ये. हात पुढं कर.' वाटी पुन्हा भरून तिच्या हातावर ठेवली. पाणी आरशासारखं निश्चल राहिलं.

'बघ. तुझ्या हातात न्हाय आला देव?'

'न्हाय, लक्ष्मम्मा. माझं नशीब कुठलं.'

'नशीब तुझंच हाय बाई. देव न्हाय हालत. माझा हात हालतोय. माझ्या हातात इख भरलंय, आन् म्या ते ह्या हातानं सुनंच्या पोटाला चोळलंय. जावा आता. घरला जावा समद्या.'

कुणी हललं नाही. मग मागून एक म्हणाली, 'मंग आमी पाया पडलो ते?' आत्याबाई म्हणाल्या, 'ते म्या परत देते,' आणि पाटावरून उठून, पायरीशी बसून, जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या पायांना त्यांनी हात लावला. थोरलीच्याही, पोरीच्याही. कुणी पाय मागं घेतले, कुणी रडल्या. एकदोघी फणकाऱ्यानं गेल्या. आता पाणवठ्यावर 'लक्ष्मम्माचा देव उतरला' म्हणतात.

सगळ्या गेल्यावर त्यांनी हंसकांतीची डबी बारवेत सोडायला काढली. देवळीतली वस्तू पाण्यातच सोडायची, असा त्यांचा रिवाज. मी धावत जाऊन धरली. तिथलं पाणी सगळा गाव पितो. डबी आता बरणीत घालून, तोंड मेणानं बंद करून ठेवली आहे. ती कुठं पाठवू ते लिहा.

त्यांच्या हिरड्यांतून रक्त येतं, हे मला काल कळलं. दिवाळीपासून येत होतं. माझ्याशी त्या बोलत नाहीत. रागानं नाही. माझ्याकडे पाहतात, पोटाकडे पाहतात आणि उठून जातात. जेवण वाढताना ताट लांबून सरकवतात, मला हात लागू नये म्हणून.

शांतम्मा

---

हैदराबाद
२६ जानेवारी १९४४

चि. शांतम्मा हिस अनेक आशीर्वाद.

डबी माझ्याकडे पाठव, मी बंदोबस्त करतो. नळदुर्गच्या डॉक्टरांना सोबत चिठ्ठी लिहिली आहे. दोघींना दाखव, आजच. तुझ्या पायांवर, डोळ्यांखाली सूज आहे का ते त्यांना पाहू दे. दूध, पालेभाजी भरपूर खा. लेप बंद झाला की अंग पारा हळूहळू बाहेर टाकू लागतं. कंप पुष्कळांचा ओसरतो, पण महिने लागतात. बाळाबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नाही. तू पुसत राहिलीस, तो तुझा शहाणपणा त्याच्या बाजूनं उभा आहे, एवढंच सांगतो.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी माझी सभा होती. विषय होता विवेक. मी व्यासपीठावर उभा राहिलो आणि माझी ठरलेली सुरुवात तोंडाशी येईना. डोळ्यांसमोर पायरीशी बसलेली एक बाई होती. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका गर्जून सांगितल्या, शांतम्मा. शेकडो माणसांसमोर स्वतःची चूक सांगायला लागणारं धैर्य माझ्यात आहे का, हे मी कधी तपासलं नव्हतं. त्या दिवशी मी श्रोत्यांना पाऱ्याची गोष्ट सांगितली, माझ्या पत्रासकट, माझ्या झिंगेसकट. नाव कुणाचं घेतलं नाही. टाळ्या झाल्या नाहीत. लोक उठून शांतपणे घरी गेले. इतकी शांत सभा माझ्या आयुष्यात झाली नव्हती.

काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब पाहून मी थक्क झालो होतो. त्या वाटीतल्या पाण्यापुढं तो थेंब काहीच नाही.

ताईंना माझे शरणु सांग. त्या बोलत नसल्या तरी सांग.

चन्नबसप्पा

---

अणदूर
८ मे १९४४

चन्नबसप्पाअण्णांस लक्ष्मम्माचे शरणु.

मी सांगतेय आन् शांता लिहितेय. मधी तिनं आपलं काही घातलं तर मला कळणार न्हाय, म्हणून मल्लिनाथाला जवळ बसवलंय. तो वाचून दाखवील.

तार मिळाली आसंल. पोरगी झाली. चैत्राच्या अखेरीला, दिस उगवायला. डाक्टरनं कान बघितले, डोळे बघितले, बोटं मोजली. मी म्हनलं, 'परत मोज.' त्यानं परत मोजली. धा आन् धा. आवाज तुमच्यावर गेलाय, खंडोबाच्या देवळापतूर ऐकू जातो. रंग आमच्याकडचा, काळीसावळी. शांताच्या गालावरचं वांग आपलं आपणच गेलं, न लावता. कुणाला सांगावं!

जंगमस्वामींनी पोरीला लिंग बांधलं. सुईणीनं न्हाऊ घातलं. म्या लांबूनच बघत व्हते. अण्णा, खरं सांगते, बारा दिवस म्या तिला हात लावला न्हाय. हात आता पहिल्यावानी कापत न्हायत, पर कापतात. घास तोंडात जातो, सुईत दोरा जात न्हाय. जीव भितो. पडली तर? आन् ह्या हातानं आधी तिला काय केलंय ते मला ठावं हाय. शांता म्हणायची, 'घ्या की आत्याबाई.' म्या म्हनायची, 'चूल बघते.'

बारशादिवशी पोरगी रडून रडून निळी पडली. सुईणीनं घेतली, मल्लिनाथानं घेतली, पाळण्यात टाकली, पाळण्याला जोरात झोका दिला, गप्पच व्हईना. म्या जात्यापाशी बसले व्हते. ही तुमची भाची आली, पोरगी माझ्या मांडीवर टाकली आन् गेली निघून. वळून मागंबी बघितलं न्हाय! म्या काय करणार? दोनी हात तिच्याखाली घातले. ते लागले कापायला. म्हनलं, झालं, आता आनखी रडंल.

पोरगी एकदा हुंदकली, माझ्याकडं बघितलं, आन् झोपली.

आता तिला पाळणा चालत न्हाय. दुपारच्याला तिला माझाच हात लागतो. मल्लिनाथ म्हनतो, आई, तुझा हात थांबला तर पोरगी उठंल. थांबत न्हाय अण्णा, कापतो तसाच कापतो, आन् ती तशीच झोपती.

हे सांगतानाबी ती माझ्या हातावर हाय. शांताला म्हनलं, हळू लिही, दौतीचा आवाज व्हतोय.